तीनशे फूट पाणी

फूट हा शब्द कानावर पडला की मला अजूनही शिसारी येते. आमच्या शेजाऱ्याचं घराचं बांधकाम चालू आहे, तो सकाळपासून गवंड्याशी फुटांतच बोलतो. मी उठून आतल्या खोलीत जातो आणि खिडकी लावून घेतो. बायको म्हणते, तुमचं आपलं काहीतरी विचित्रच. असेल बाई विचित्र. पण ज्या ओट्यावर बसून मी फुटांचा भाव होताना पाहिला, त्या ओट्यावर ती नव्हती.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सरकारी प्रसिद्धीच्या एका फिरत्या पथकात कॅमेरा चालवायचो. पथक म्हणजे फार काही नाही, एक जीप, ड्रायव्हर, आमचे साहेब आणि मी. गावोगाव जाऊन नवी शाळा, नवा बंधारा, नवं धान्यकोठार असल्या गोष्टींचे लघुपट काढायचे. मग ते तालुक्याच्या टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे, लोक शेंगा सोलत अंधारात आपली जागा शोधत असतात तेव्हा. मी मूळचा मलकापूरचा असल्यामुळे बुलढाणा जिल्ह्याचा दौरा निघाला की माझं नाव आपोआप यादीत यायचं. पोराला गावाकडं जायला मिळतं म्हणून आई खूश असायची.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर फिल्मचा एक काळा डबा बसतो. त्याला मॅगझिन म्हणतात, आम्ही नुसतं डबा म्हणायचो. आमच्या डब्यात चारशे फूट फिल्म मावायची. ऐकायला हे लय वाटतं. पण कॅमेरा मिनिटाला नव्वद फूट खातो, त्यामुळं चारशे फूट साडेचार मिनिटांत खलास. फिल्म परदेशातून यायची आणि आम्हाला अगदी हात आखडून मिळायची. त्या दौऱ्यात एका गावाला एकच डबा, असा कार्यालयाचा हुकूम होता. गाव केवढंही असो, त्याला साडेचार मिनिटांत बसवायचं.

त्यातून त्या वर्षी नवा कॅमेरा आला. फिल्म किती सरकली ते दाखवणारा आकडा जुन्या कॅमेऱ्यावर फुटांत होता, नव्यावर तो मीटरमध्ये निघाला. डब्यावर मात्र चारशे फूट असंच लिहिलेलं. मलकापूरच्या कापडबाजारात गज जाऊन मीटर आला तेव्हा बायकांनी दुकानदारांशी जी हुज्जत घातली ती मी पाहिली होती, तरी पहिल्या आठवड्यात मीही फसलो. आकडा शंभर दिसला की मला वाटायचं अजून तीनशे फूट शिल्लक आहेत, आणि डबा उघडावा तर जेमतेम सत्तर फूट उरलेले. एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट, हे मग डोक्यात पक्कं बसलं. साहेबांना मी ते दोनदा सांगितलं. साहेब पत्रकं लिहिण्याच्या शाखेतून नुकतेच बदलून आले होते, भाषा अशी गुळगुळीत की ऐकत राहावं. ते म्हणाले, "हे बघ, कार्यालयात सगळा हिशेब फुटांत होतो. मला फूट शिकवू नकोस." मी म्हटलं, बरं.

मोताळ्याकडच्या एका गावात आम्ही चैत्रात पोचलो. आदर्श गाव म्हणून वर नाव गेलेलं होतं. सरपंचांच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. बसलो तसं एकानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग आतून माझ्यासाठी तांब्या आला. आधी आडनाव आणि मग पाणी, हे आमच्याकडं इतकं अंगवळणी पडलेलं होतं की मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. घशाखाली गेलेलं पाणी परत काढता येत नाही, नाहीतर मी काढलं असतं.

गावाची विहीर ओट्यावरून दिसत होती. दगडी बांधणीची, वर रहाट, बाजूला ढोरांसाठी टाकं. एक माणूस म्हैस धूत होता. म्हशीच्या अंगावरचं शेणामातीचं पाणी दगडांच्या फटीतून पुन्हा विहिरीत ओघळत होतं, आणि त्याचं कोणाला काही नव्हतं. सरपंच स्वतः उठून तिथं गेले, खळखळून चूळ भरली, विहिरीच्या काठावरच थुंकले आणि धोतराला तोंड पुसत परत आले. 

साहेबांनी लिहून आणलेल्या कथेत एक दृश्य होतं, साऱ्या गावाची एक विहीर. त्यात वस्तीतल्या बायका सगळ्यांबरोबर पाणी भरताना दाखवायच्या होत्या. बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती. कायद्यानं विहीर सगळ्यांची होती, तशी पाटीसुद्धा लावलेली होती. वस्ती मात्र नाल्यात झिरा खोदून पाणी भरायची. हे दृश्य घ्यायचं आहे म्हटल्यावर ओट्यावरचे सगळे सरपंचांकडं बघायला लागले.

सरपंच म्हणाले, "साहेब, घ्या ना. आमची ना नाही. पण मशीन चालू हाय तवरक भरतीन. मशीन बंद झालं का बाजूले."

"अर्थात," साहेब म्हणाले.

"किती वेळ चालते मशीन?"

"चारशे फुटांचा डबा आहे. साडेचार मिनिटं."

"चारशे फूट लय होते. शंभर करा."

मला वाटलं साहेब चिडतील. साहेब हसले आणि म्हणाले, शंभरात काहीच दिसणार नाही, माणूस पडद्यावर यायच्या आत जातो. सरपंच दीडशेवर आले. मागं भिंतीला टेकलेला एक म्हातारा म्हणाला, आपल्याले मागून विहीर उपसाच लागते, मग दीडशे काय आन दोनशे काय. त्यावर सगळे हसले. साहेबांनी साडेतीनशे सांगितले. भरताच्या वांग्यांवर आठवडी बाजारात चालते तशी घासाघीस चालली होती, फक्त वांग्यांच्या जागी तहानलेली माणसं होती. शेवटी तीनशेवर सौदा पटला. उरलेल्या शंभरात सरपंचांचं भाषण बसवायचं ठरलं. वर अटी. भांडी त्यांचीच, पण दोर गावाचा, म्हणजे तो नंतर जाळता येईल. साहेबांनी यालाही मान डोलावली आणि पुढ्यातल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले. ते शेंगदाणे वेचणारे गोरे हात मी आयुष्यभर विसरणार नाही.

मी उठलो आणि कॅमेरा लावायच्या निमित्तानं विहिरीकडं गेलो. वस्तीतून एक बाई आधीच येऊन लांब लिंबाखाली बसली होती. चाळिशीची असेल, जवळ दोन घागरी. मी जवळ गेलो तशी उभी राहिली.

"भाऊ, तुमीच का मशीनवाले?"

"हो मावशी."

"किती वेळ भरू देतीन?"

मी सांगितलं, तीनशे फूट, म्हणजे सव्वातीन मिनिटं. ती माझ्याकडं बघत राहिली. बरोबरच होतं. पाण्याची तहान फुटांत कशी सांगायची. मी विहिरीत डोकावलो, दोराची लांबी पाहिली आणि म्हटलं, "तीन घागरी निघतील. झपाझप ओढलं तर चौथी."

"चार निंगाल्या तर बरं होईन," ती म्हणाली. "पोरीले बाळंत होऊन तिसरा दिस हाय घरात. झिऱ्यात आता खरडून खरडून गाळ निंगून राह्यला. फडक्यातून गाळला तरी पिवळा. तेच पेली अन् कालपासून तिचं पोट थांबत नाही. सुईण म्हने, चांगलं पानी पाज, नाहीतर दूध आटते अन् पोरगीबी हाती लागत नाही."

तिनं हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. रडली नाही, हात जोडले नाहीत. मी म्हटलं, आत्ताच भरून घ्या की, कोण बघतंय. ती म्हणाली, "तुमी जासान तुमच्या गावाले. आमाले इथंच राह्यनं हाय." मग घागरी उचलून पुन्हा लिंबाखाली जाऊन बसली.

भाषण आधी घ्यायचं ठरलं. सरपंचांनी नवा फेटा बांधला, तोंडाला पावडर लावली, आणि शंभर फुटांत म्हणजे मिनिटभरात आटोपायचं ते भाषण सुरू केलं. समता, बंधुता, एक गाव एक कुटुंब. साहेबांनीच लिहून दिलेलं. मिनिट झालं, दोन झाली. सरपंचांना भाषण पाठ नव्हतं, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. मी साहेबांकडं पाहिलं. साहेब कॅमेऱ्याजवळ आले, वाकून आकडा पाहिला आणि म्हणाले, "साठच झालेत. चालू दे."

"साहेब, ते मीटर..."

"पुन्हा सुरू केलंस?" ते दातओठ खाऊन म्हणाले. "गप्प चालव."

मी गप्प चालवला. आकडा नव्वदवर आला तेव्हा भाषण संपलं. साहेब खूश. नव्वद फुटांत भाषण उरकलं, दहा फूट वाचले, असा त्यांचा हिशेब. खरा हिशेब असा की जवळजवळ तीनशे फूट सरपंचांच्या फेट्यावर खर्च झाले होते, आणि डब्यात राहिले होते जेमतेम शंभर फूट. एक मिनिट आणि वर थोडं. वस्तीच्या वाट्याचे दोनशे फूट त्या माणसानं समता समता करत गिळले होते. मी ते मोठ्यानं सांगितलं असतं तर सरपंचांनी लगेच हात झटकले असते, शंभर तर शंभर, चला आटपा. सांगितलं नाही तर ती बाई दुसऱ्या घागरीच्या मध्यावर तोंडघशी पडणार. माझं डोकं तापलं होतं. कॅमेरा विहिरीकडं वळवायच्या मिषानं मी लिंबापाशी गेलो आणि हळूच म्हटलं, "मावशी, फिल्म सगळी त्यांनीच खाल्ली. एक घागर निघेल. फार तर दीड."

तिनं फेट्याकडं पाहिलं. "हाव," म्हणाली. "तसंच होते." पदर खोचला आणि विहिरीवर गेली.

विहिरीभोवती गावातली माणसं उभी केली होती. साहेबांनी त्यांना हसायला सांगितलं होतं. कॅमेरा घुरघुरायला लागला तशी ती सगळी हसली. काय ते हसणं. ओठ मागं ओढलेले, आणि डोळे दोरावर, कुठं कुठं शिवतो त्याच्यावर. बाईनं घागर सोडली, भरली, ओढली, वर घेतली. दुसरी सोडली. ती अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात डब्यात फिल्मचं शेपूट फटफटलं आणि आवाज बदलला. रिकामा कॅमेरा वेगळा वाजतो, हलका आणि कोरडा. हे ज्याला माहीत त्याला माहीत. साहेबांना माहीत नव्हतं.

माझा हात बटणावर होता. आमच्या धंद्यात कोरडं चालवणं म्हणून एक प्रकार असतो. एखादा पुढारी हार घालून पुन्हा पुन्हा समोर येतो, त्याला नाही कसं म्हणायचं, मग फिल्म न घालता नुसतं यंत्र फिरवायचं. तो छाती पुढं काढून उभा राहतो, आपण गंभीर चेहरा करून डोळा लावतो. मी असल्या कितीतरी छात्या कोरड्या काढल्या होत्या आणि त्याचीही मला किळसच होती. त्या दिवशी मी बटण बंद न करताच हात काढून घेतला आणि डोळा लावून बसलो.

दुसरी घागर वर आली. बाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. यंत्र चालूच होतं. तिनं भरलेली घागर बाजूला केली आणि लिंबाकडं बघून हाक दिली. वस्तीतल्या आणखी बायका मागं आडोशाला उभ्या होत्या, त्या आपापली भांडी घेऊन पुढं आल्या. साहेबांना ते फारच आवडलं. "वा," म्हणाले, "गर्दी छान भरतेय."

सरपंच सरकत सरकत साहेबांच्या कानाशी आले. चेहऱ्यावर हसू तसंच. "किती राह्यले, साहेब?"

साहेब वाकले. फिल्म असो नसो, यंत्र फिरलं की आकडा फिरतो. "एकशे साठ. म्हणजे सत्तर फूट झाले तुमचे. दोनशे तीस आहेत अजून."

सरपंच मागं गेले. बायका ओढत होत्या. एकीची घागर वर येते न येते तोच दुसरीची खाली. साहेबांना वेळेचं भान कधीच नव्हतं, आणि सरपंचांनी तर स्वतःच्या तोंडानं तीनशे कबूल केले होते. ओट्यावर पंचांसमक्ष ठरलेला सौदा मोडायचा कसा, तोही मशीन चालू असताना, तोंड सगळ्या तालुक्याला दिसणार असताना. ते पुन्हा आले.

"आता?"

"दोनशे चाळीस दिसतंय. दीडशे झाले."

"तीनशे फूट एवढं लांब असते काय बे?" हे त्यांनी मला विचारलं. दात तसेच उघडे, घाम पावडरीतून खाली आलेला.

"असते," मी म्हटलं. "तुमीच तर ठरवले."

तीनशे मीटर म्हणजे हजार फुटांच्या जवळपास. माणसाला उन्हात उभं राहून खोटं हसायला हे फार होतं. मी भिंगातून एकेकाचं तोंड पाहत होतो. कोणाचा गाल उडत होता, कोणी हसता हसता नाक दाबून धरलं होतं, ज्यानं विहीर उपसायची गोष्ट काढली तो म्हातारा सगळ्यांत जास्त हसत होता, कारण तो अगदी मधोमध उभा होता. रिकाम्या डब्यासमोर सगळं गाव दात काढून उभं होतं. दहा-अकरा मिनिटं हे चाललं. साहेबांचे तीनशे फूट भरले तेव्हा त्यांनी हात वर केला. मी बटण बंद केलं.

सगळी तोंडं एकदम मिटली. सरपंच घरात गेले. रहाटावरचा दोर दोघांनी काठीनं ओढून खाली पाडला. साहेब म्हणाले, "उत्तम झालं. हा शेवटचा भाग म्हणजे लघुपटाचा प्राण आहे." पुढं मुंबईत फिल्म धुतल्यावर त्यांना काय दिसलं असेल ते असो. पडद्यावर सरपंचांचं भाषण आलं, आणि एक घागर विहिरीतून वर येताना. तेवढ्यावर मलकापूरच्या टॉकीजात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर जाऊन थुंकलो.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी जीपच्या मागं डबा कॅमेऱ्यावरून उतरवत होतो तेव्हा ती बाई आली. घागरी तिनं घरी पोचवल्या होत्या, हात अजून ओले होते.

"पाजलं का पोरीला?" मी विचारलं.

"पाजलं. तांब्याभर पेली. झोपली आता." मग डब्याकडं बोट केलं. "यातली फिल्म संपली होती ना, भाऊ?"

"हो."

"कवा?"

"तुमची दुसरी घागर अर्ध्यावर होती तेव्हा."

विहिरीवर कोणीतरी दोराला रॉकेल लावत होतं, त्याचा वास येत होता.

"म्हंजे रिकामाच होता," ती म्हणाली. "रिकाम्या डब्याले भेत राह्यले एवढे सारे."

"हो."

"उद्या येता का मंग?"

"उद्या वडनेर भोलजीला जायचंय, मावशी. तिथून नागपूर."

तिनं मान हलवली. मी डबा पेटीत ठेवला, पट्टा ओढला. ती गेली नव्हती. मी वर पाहिलं.

"तुमी जा," ती म्हणाली. "डब्बा तेवढा ठेवून जा."